मृदा आरोग्य पत्रिकेतले बारा आकडे आणि शेतकऱ्याचा एक प्रश्न : माहितीची मांडणी शिकावी कशी?

दुधनाकाठची (परभणी जिल्हा), धागाकर्ती

नमस्कार. मी कृषी पदवीधर असून सेलू तालुक्यातील एका शेतकरी उत्पादक कंपनीत काम करते. सभासदांच्या मृदा आरोग्य पत्रिका वाचून त्यांना खतांचे नियोजन करून देणे हा माझ्या कामाचा एक भाग आहे. २०१५ साली ही योजना देशभर सुरू झाली. तेव्हापासून पत्रिकेचे रूप थोडेफार बदलत आले असले, तरी गाभा तोच आहे : सामू (मातीची आम्ल-विम्लता, म्हणजे पीएच), विद्युत वाहकता, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबे, मंगल आणि बोरॉन असे बारा घटक, प्रत्येकापुढे आकडा, एकक आणि वर्गवारी. तपासणीचा अहवाल म्हणून त्यात खोट काढण्यासारखे काही नाही. अडचण अशी आहे की ही पत्रिका ज्याच्या हाती पडते त्याचा प्रश्न बारा घटकांचा नसतोच. मृगाच्या तोंडावर तो कृषी सेवा केंद्रात जाणार असतो आणि कोणत्या खताच्या किती बॅगा उचलायच्या, कशावर खर्च टाळला तरी चालेल, एवढेच त्याला ठरवायचे असते.

यातून मी एका पानाचा मसुदा तयार केला आहे. समजा सोयाबीनसाठी नत्र, स्फुरद व पालाश यांची हेक्टरी ३०:६०:३० किलो ही शिफारस धरली, तर एकरी साधारण १२:२४:१२ होते. डीएपी (डायअमोनियम फॉस्फेट) या खतामध्ये १८ टक्के नत्र व ४६ टक्के स्फुरद असल्यामुळे ५२ किलो डीएपीतून स्फुरदाची गरज पूर्ण भागते आणि सव्वानऊ किलोंच्या आसपास नत्रही मिळते. उरलेल्या नत्रासाठी पावणेसहा किलो युरिया आणि पालाशसाठी ६० टक्क्यांच्या पोटॅशचे २० किलो लागतात. हा सगळा हिशेब मी मागच्या बाजूला ठेवला असून पुढच्या बाजूला मोठ्या अक्षरांत एवढेच लिहिले आहे : "सोयाबीन, एक एकर. पेरणीसोबत डीएपी एक बॅग, पोटॅश २० किलो, युरिया ६ किलो."

माझे दोन प्रश्न आहेत. नोकरी सांभाळून किंवा पुढे सोडून माहितीच्या मांडणीचा हा विषय पद्धतशीर शिकायचा असेल, तर मराठवाड्यात राहणाऱ्या माणसाने कोठून सुरुवात करावी? आणि सोपे करताना काय ठेवावे व काय गाळावे, याला काही शास्त्र आहे की हा केवळ ज्याच्या त्याच्या नजरेचा भाग आहे?

हिशेबनीस (लातूर)

ताई, पहिल्या प्रश्नाचे उत्तर माझ्यापेक्षा अधिकारी माणसे देतील, मी दुसऱ्याबद्दल लिहितो. माझी सारी नोकरी जिल्ह्याच्या आकडेवारीत गेली आणि हजारो तक्ते माझ्या हाताखालून गेले. त्यांतले बहुतेक ज्याने भरले त्याच्या सोयीने आखलेले होते, ज्याने वाचायचे त्याच्या सोयीने नव्हे. काय गाळावे हा प्रश्न म्हणूनच मी दुसऱ्या क्रमांकावर ठेवीन. वाचकाला हे पान पाहून कोणता निर्णय घ्यायचा आहे, हे आधी एका वाक्यात लिहून काढावे. ते वाक्य लिहिता येत नसेल, तर मांडणीला हातच घालू नये. तुम्ही ते वाक्य लिहिले आहे, म्हणून तुमचा मसुदा उभा राहिला. तोच बारा घटकांचा अहवाल मृदाशास्त्रज्ञाला हवा असेल तर त्याचे पान वेगळे होईल, आणि तालुक्यात जस्ताची कमतरता कुठे आहे हे पाहणाऱ्या अधिकाऱ्यासाठी तो नकाशा होईल. आकडे तेच राहतात, त्यांची जागा बदलते.

याला शास्त्र आहे का? आहे, आणि ते बरेच जुने आहे. व्हिएन्नामध्ये १९२० च्या दशकात ऑटो न्यूराथ यांनी कामगारवस्तीतल्या लोकांना घरबांधणी, आरोग्य, रोजगार यांची आकडेवारी समजावी म्हणून एक संग्रहालय उभारले आणि तेथून पुढे आयसोटाइप नावाने ओळखली जाणारी चित्रपद्धती घडली. तिचा पहिला नियम असा, की मोठी संख्या दाखवायला चित्र मोठे करायचे नाही, तेच चित्र पुन्हा पुन्हा काढायचे. कारण उघड आहे. तीन बॅगा दाखवण्यासाठी एकच बॅग तिप्पट उंच काढली की तिची रुंदीही वाढते आणि डोळ्याला ती नऊपट दिसते. मला त्याहून महत्त्वाची वाटते ती त्यांनी केलेली कामाची विभागणी. आकडे जमवणारा तज्ज्ञ आणि चित्र काढणारा कलावंत यांच्यामध्ये त्यांनी तिसरा माणूस नेमला. तज्ज्ञाच्या माहितीतले वाचकाला काय लागेल ते निवडायचे आणि त्याचा आराखडा करायचा, हे त्याचे काम. मारी न्यूराथ यांनी ते काम अनेक वर्षे केले आणि गेर्ट आर्न्ट्स यांनी चिन्हे रेखाटली. तुम्ही आज सेलूत जे करता ते नेमके या तिसऱ्या माणसाचे काम आहे.

दुसरी गोष्ट मोजून सिद्ध झालेली आहे. विल्यम क्लीव्हलँड आणि रॉबर्ट मॅकगिल या दोन अमेरिकी सांख्यिकीतज्ज्ञांनी १९८४ मध्ये प्रयोग करून दाखवले, की एकाच मोजपट्टीवरची स्थिती माणूस सर्वांत अचूक वाचतो. लांबीच्या बाबतीत तो थोडा चुकतो, कोनाच्या बाबतीत अधिक आणि क्षेत्रफळाच्या बाबतीत त्याहून अधिक. आपल्याकडच्या कार्यालयीन सादरीकरणांत वर्तुळाचे रंगीत तुकडे हौसेने घातले जातात, पण जवळजवळच्या दोन तुकड्यांतला मोठा कोणता हे सांगताना भल्याभल्यांची फसगत होते. तेच दोन आडवे पट्टे एकाखाली एक ठेवले की शाळकरी मूलही सांगते.

आणि तिसरी गोष्ट म्हणजे छेद. २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून आमच्या लातूरला रेल्वेने पाणी आले, हे सर्वांना आठवत असेल. पहिल्या गाडीत दहा वाघिणी होत्या व सुमारे ५ लाख लिटर पाणी होते. पुढे पन्नास वाघिणींच्या गाड्यांतून २५ लाख लिटर येऊ लागले. २५ लाख हा आकडा छापला की वाटते, शहराची सोय झाली. २०११ च्या जनगणनेप्रमाणे शहराची लोकसंख्या ३ लाख ८२ हजारांच्या पुढे होती, म्हणजे एका मोठ्या गाडीचे पाणी माणशी साडेसहा लिटर पडते. दोन्ही विधाने खरी आहेत, परंतु आपल्या घरात आज काय करायचे हे दुसऱ्यावरूनच ठरवता येते. तुमच्या मसुद्यातले "एक एकर" हे दोन शब्द असाच छेद आहेत. ते बॅगेच्या आकड्याइतक्याच मोठ्या अक्षरांत असावेत, कारण पत्रिकेत हेक्टर आहे, सातबाऱ्यावर हेक्टर-आर आहे आणि माणूस मात्र एकर-गुंठ्यांत बोलतो.

काळीमाती (परभणी)

धागा चांगला आहे, पण मला काही गंभीर हरकती नोंदवायच्या आहेत. मी मृदाशास्त्राचा माणूस आहे आणि आमच्या क्षेत्रातले आकडे "सोपे" करून वाटले जातात तेव्हा मी धास्तावतो.

पहिली हरकत अशी की पत्रिकेतला आकडा त्या शेतकऱ्याच्या वावराचा असतोच असे नाही. या योजनेत बागायती भागात अडीच हेक्टरांच्या आणि कोरडवाहू भागात दहा हेक्टरांच्या चौकटीतून एक नमुना घेण्याची पद्धत राहिली आहे. दहा हेक्टर म्हणजे जवळजवळ पंचवीस एकर, आणि आपल्याकडे एवढ्या जागेत वरच्या अंगाला मुरमाड हलकी जमीन व खाली ओढ्याच्या कडेला भारी काळी जमीन सहज सापडते. एका चौकटीतल्या सगळ्यांना जर "डीएपी एक बॅग" असे मोठ्या अक्षरांत दिले, तर अंदाजाला तुम्ही आदेशाचे रूप दिले.

दुसरी हरकत अशी की ३०:६०:३० ही सर्वसाधारण शिफारस झाली. माती तपासायची ती याच शिफारशीत बदल करण्यासाठी. घटक कमी निघाला तर मात्रा साधारण २५ टक्क्यांनी वाढवायची आणि भरपूर निघाला तर तेवढीच कमी करायची, हा ढोबळ नियम आहे. मराठवाड्याच्या काळ्या जमिनींत पालाश बहुधा भरपूर असतो, म्हणजे तुमच्या २० किलोंचे अनेक ठिकाणी १५ होतील. तुमच्या पानावर तपासणीचा परिणाम कोठे दिसतो? तो दिसत नसेल तर मातीचा नमुना घेतला काय आणि न घेतला काय, शेतकऱ्याच्या दृष्टीने सारखेच.

तिसरी हरकत एककांची आहे. प्रयोगशाळेचा अहवाल कधी स्फुरद हे मूलद्रव्य म्हणून देतो आणि खताच्या बॅगेवरचे ४६ टक्के हे त्याच्या ऑक्साइडच्या रूपात असतात. या दोहोंत २.२९ पटींचा फरक आहे. पालाशमध्ये तो १.२ पट आहे. कोणत्या रूपात मोजले ते न लिहिता आकडे एका तक्त्यातून दुसऱ्यात नेले, की हिशेब निम्म्यावर येतो किंवा दुप्पट होतो. सामूचेही तसेच आहे. साडेसात आणि साडेआठ यांत पट्टीवर बोटभर अंतर दिसते, प्रत्यक्षात तो दहापट फरक असतो.

सोपेपणाला माझा विरोध नाही. पण अनिश्चितता गाळून जो सोपेपणा येतो त्याला मी दिशाभूल म्हणतो.

नाथसागर (पैठण)

काळीमाती यांच्या शेवटच्या वाक्यावर आमच्याकडचे एक उदाहरण देतो, कारण पावसाळा आला की सबंध मराठवाडा एकाच आकड्याकडे डोळे लावून बसतो : जायकवाडी किती टक्के भरले?

जायकवाडीची एकूण साठवणक्षमता २,९०९ दशलक्ष घनमीटर आहे. यांपैकी ७३८ दशलक्ष घनमीटर मृतसाठा, म्हणजे एरवी वापरात न येणारे तळाचे पाणी, असून उरलेले २,१७१ दशलक्ष घनमीटर उपयुक्त साठा. टीएमसीत (अब्ज घनफुटांत) सांगायचे तर एकूण सुमारे १०२, त्यांत मृतसाठा २६ आणि उपयुक्त साठा ७६ च्या थोडा वर. बातमीत येणारी टक्केवारी उपयुक्त साठ्याची असते. त्यामुळे "धरण शून्य टक्क्यांवर" अशी बातमी आली तरी तळात २६ टीएमसी पाणी असते आणि टंचाईच्या वर्षी पिण्यासाठी त्यातून उपसाही होतो. उलट उपयुक्त साठा ५० टक्के असतो तेव्हा एकूण क्षमतेच्या हिशेबाने धरण ६३ टक्के भरलेले असते. दोघे जण दोन आकडे घेऊन वाद घालतात आणि दोघेही खरे बोलत असतात. तिसरा जण पाणीपातळी फुटांत सांगतो, पूर्ण संचय पातळी १५२२ फूट. परंतु जलाशय वर पसरट होत जातो, त्यामुळे वरच्या एका फुटात मावणारे पाणी तळाच्या एका फुटापेक्षा कितीतरी जास्त असते, आणि फुटांच्या हिशेबाने "निम्मे भरले" म्हणणे अगदीच फसवे ठरते.

मी कोणा कार्यालयाला नावे ठेवत नाही. पण एक साधी उभी आकृती, जिच्यात खाली मृतसाठा गडद, वर उपयुक्त साठा फिकट, शेजारी गेल्या वर्षीच्या याच तारखेची रेघ आणि पिण्याचे, शेतीचे व उद्योगाचे आरक्षण यांच्या खुणा असतील, तर निम्मे वाद मिटतील. येथे गाळायचे फार थोडे आहे. तीन संख्यांचे एकमेकींशी असलेले नाते दाखवायचे आहे आणि ते वाक्यापेक्षा आकृतीत लवकर दिसते.

विसर्गाचेही एक सांगतो. पंचवीस हजार क्युसेक (सेकंदाला तितके घनफूट पाणी) सोडले, पन्नास हजार सोडले, असे मोबाईलवर फिरत राहते. सुमारे ११,५७४ क्युसेकचा प्रवाह चोवीस तास चालला की एक टीएमसी होतो, एवढे एक समीकरण ध्यानात ठेवले तर धरणात येणारे पाणी आणि सुटणारे पाणी यांचा ताळमेळ कोणालाही मांडता येतो. मात्र नदीकाठच्या गावकऱ्याला ते समीकरणही नको असते. पाणी आमच्या गावात केव्हा पोहोचेल आणि कोणत्या ओळखीच्या खुणेपर्यंत चढेल, म्हणजे घाटाची पायरी, देवळाचा ओटा, पुलाचा कठडा, हे त्याला हवे असते. क्युसेकचे रूपांतर त्या खुणेत करणे हे कष्टाचे, स्थानिक आणि कोणाच्याच कामाच्या यादीत नसलेले काम आहे.

हिशेबनीस (लातूर)

नाथसागर यांनी दिलेले उदाहरण पाहून लंडनच्या भुयारी रेल्वेचा नकाशा आठवला. हॅरी बेक यांनी आखलेला हा नकाशा १९३३ मध्ये प्रवाशांच्या हाती आला. त्यांनी खरी अंतरे व वळणे सोडून दिली, रेषा सरळ केल्या आणि स्थानकांचा क्रम व गाडी बदलण्याच्या जागा तेवढ्या ठेवल्या. डब्यात बसलेल्या माणसाला एवढेच लागते. वरच्या रस्त्याने पायी जाणाऱ्याला मात्र तोच नकाशा चकवतो, कारण त्याला अंतरच हवे असते. पुराच्या सूचनेत अंतर आणि वेळ गाळता येत नाही, ती बेकच्या धर्तीवर केली तर जिवावर बेतेल. काळीमाती यांच्या हरकतींचे उत्तर मला याच दिशेला दिसते. खत विकत घेणाऱ्याच्या निर्णयात अनिश्चिततेचा जेवढा भाग शिरतो, तेवढा पुढच्या बाजूला आलाच पाहिजे. उरलेला मागे गेला तरी हरकत नाही.

सेलूकर गुरुजी

मी शिक्षक होतो, मांडणीतले तांत्रिक मला कळत नाही. पण तुमचा कागद वाचणार कोण, याचा विचार एकाही प्रतिसादात आलेला नाही. गावात असा कागद एकटा माणूस मनात वाचत नाही. मुलगा वडिलांना वाचून दाखवतो, कधी दुकानदार वाचतो, कधी पारावर एक जण वाचतो आणि चार जण ऐकतात. तक्ता मोठ्याने वाचता येत नाही. "नत्र, एकशे ऐंशी, कमी, स्फुरद, चौदा, मध्यम" असे वाचले की ऐकणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. म्हणून पुढच्या बाजूचे प्रत्येक वाक्य तोंडी सांगितल्यावरही पुरे झाले पाहिजे. ताईंचे वाक्य त्या कसोटीला उतरते, पण त्यात "का" नाही. "तुमच्या मातीत स्फुरद कमी आहे, म्हणून डीएपी" असे असेल तर ते पाठही राहील.

दुसरे, तपासून कसे घ्यावे. "समजले का?" असे विचारू नये. आपल्याकडे या प्रश्नाला कोणीही नाही म्हणत नाही, पाहुण्याचा मान राखण्याची रीत आहे. कागद हातात द्यावा, वाचू द्यावा, मग तो उलटा ठेवून विचारावे : "आता दुकानात जाऊन काय मागाल?" जे उत्तर येईल ते जसेच्या तसे लिहून घ्यावे. पाच-सहा जणांना विचारलेत की कागदाचे दोष आपोआप बाहेर येतात. हुशार सभासदांना विचारू नका, त्यांना तुमचे बोलणे आधीच पाठ असते.

अक्षरजुळारी (छत्रपती संभाजीनगर)

गुरुजींचा प्रतिसाद प्रत्येक छापखान्यात लावण्यासारखा आहे. मी अनेक वर्षे अक्षरजुळणी आणि पुस्तिकांची मांडणी करतो, तेव्हा कागदापुरते बोलतो.

तुमचा कागद शेवटी झेरॉक्स होणार, हे गृहीत धरून चाला. लाल म्हणजे कमी, हिरवा म्हणजे भरपूर अशी रंगयोजना झेरॉक्समध्ये एकाच राखाडी छटेची होते. शिवाय लाल-हिरव्यातला भेद न दिसणारे पुरुष आपण समजतो त्याहून अधिक असतात. रंग ठेवायचा असेल तर ठेवा, पण त्याच्यावाचूनही अर्थ लागला पाहिजे : शब्द लिहा, पट्टा भरीव किंवा पोकळ करा. दुसरा प्रवास मोबाईलचा. कागदाचा फोटो काढून तो गटावर टाकला जातो, तेथे तक्त्याची वरची ओळ कापली जाते आणि खाली उरलेले आकडे कशाचे हे कळत नाही. म्हणून एकक प्रत्येक आकड्याला चिकटून असावे, केवळ स्तंभाच्या डोक्यावर नसावे.

देवनागरीला ओळींमधली जागा जास्त लागते. वर वेलांट्या व मात्रा, खाली उकार आणि जोडाक्षरांचे पाय, यांमुळे इंग्रजीसाठी ठरलेले अंतर आपल्या लिपीत गुदमरते. अक्षराच्या आकारमानाच्या साधारण दीडपट अंतर ठेवा. ठळक टंकात "ध" आणि "घ", "म" आणि "भ" छोट्या आकारात एकसारखे दिसतात, तेव्हा बॅगेचा आकडा ठळक करा, सबंध वाक्य नको. 'मुक्त' किंवा 'नोटो सान्स देवनागरी' हे टंक विनामूल्य आहेत आणि युनिकोडमध्ये आहेत. तालुक्याच्या छापखान्यात जुन्या पद्धतीचे टंक असतात, तेथे मजकुराची फाईल दिलीत तर जोडाक्षरे तुटतात. पीडीएफच द्या आणि छापण्याआधी एक प्रत स्वतः वाचा. आकडे देवनागरी ठेवा, पण दुकानातल्या बॅगेवर "18:46:0" असे इंग्रजी आकडे असतात, तेव्हा त्या एका ठिकाणी बॅगेवर जसे दिसते तसेच छापा. वाचकाला कागद आणि बॅग शेजारी धरून जुळवता आले पाहिजे.

चौकट (नांदेड, सध्या बेंगळुरू)

पहिल्या प्रश्नाचे उत्तर मी देतो, कारण मी त्या वाटेने गेलो आहे. राष्ट्रीय डिझाइन संस्था, म्हणजे एनआयडी, १९६१ मध्ये अहमदाबादेत स्थापन झाली. माहितीच्या मांडणीचा पदव्युत्तर अभ्यासक्रम तिच्या बेंगळुरू येथील परिसरात चालतो आणि त्यासाठी संस्थेची स्वतःची प्रवेशपरीक्षा असते. दुसरी वाट मुंबईच्या आयआयटीतील आयडीसी या विभागाची. तो १९६९ मध्ये सुरू झाला. तेथे संवाद-अभिकल्प (कम्युनिकेशन डिझाइन) हा पदव्युत्तर विषय असून प्रवेश सीड या परीक्षेतून होतो. सीडला कोणत्याही शाखेचा पदवीधर बसू शकतो, कृषी पदवी अजिबात आड येत नाही. त्या परीक्षेच्या दुसऱ्या भागात रेखाटन असते, हे खरे. पण सुंदर चित्रापेक्षा विचार कागदावर उतरवता येतो का, हे तेथे पाहिले जाते, आणि तेवढे सरावाने जमते.

नोकरी सोडायची नसेल तर आयडीसीचेच 'डी-सोर्स' हे मुक्त अध्ययनस्थळ आहे आणि एनपीटीईएल या ऑनलाइन शिक्षणमंचावर अभिकल्पाचे अभ्यासक्रम विनामूल्य ऐकता येतात. साधने म्हणून आकडेमोडीसाठी कोणतेही स्प्रेडशीट, आकृत्यांसाठी इंकस्केप आणि नकाशांसाठी क्यूजीआयएस पुरेत. ही दोन्ही मोफत आहेत. माझे मत विचाराल तर आधी सांख्यिकी पक्की करा. आकृती काढणे काही महिन्यांत येते. आकडा कशाचा, छेद काय, नमुना कसा घेतला, हे विचारण्याची सवय मात्र सावकाश लागते, आणि तुम्हाला ती शेतीच्या शिक्षणातून आधीच लागलेली आहे. हा विषय शिकायला येणाऱ्या पुष्कळांकडे नेमके हेच नसते. त्यांच्याकडे हात असतो, पण ज्याची आकृती काढायची तो विषय नसतो.

इतिहासातून एकच उदाहरण मुद्दाम अभ्यासा. फ्लोरेन्स नाइटिंगेल यांनी १८५८ मध्ये क्रिमियन युद्धातील सैनिकांच्या मृत्यूंची महिनावार आकृती प्रसिद्ध केली. जखमांपेक्षा टाळता येण्याजोग्या रोगांनी कितीतरी अधिक सैनिक दगावले, हे तिच्यातून एका दृष्टीत दिसते. हिशेबनीस यांच्या कसोटीने पाहिले तर तिच्यात दोष आहे, कारण ती क्षेत्रफळावर आधारलेली आहे. तरीही ती चालली, कारण निर्णय घेणारा कोण आणि त्याच्याकडून काय करून घ्यायचे, हे आखणारीला नेमके ठाऊक होते. तीच माहिती साध्या पट्ट्यांत स्वतः काढून पाहा आणि काय मिळते, काय हरवते ते लिहा. माझ्या दृष्टीने हा पहिल्या सत्राचा अभ्यास झाला.

दुधनाकाठची

सर्वांचे मनापासून आभार. काळीमाती सरांच्या हरकती आणि गुरुजींची कसोटी या दोहोंना धरून पुढची बाजू पुन्हा लिहिली आहे. समजा एखाद्या पत्रिकेत स्फुरद मध्यम आणि पालाश भरपूर आहे, तर मजकूर असा होतो :

"सोयाबीन, एक एकर. तुमच्या भागातील मातीत स्फुरद मध्यम आहे, म्हणून पेरणीसोबत डीएपी एक बॅग व युरिया ६ किलो द्या. पालाश भरपूर आहे, म्हणून पोटॅश २० किलोंऐवजी १५ किलो पुरे. डीएपी मिळाले नाही तर सिंगल सुपर फॉस्फेट तीन बॅगा आणि युरिया २६ किलो घ्या, पोटॅश तेवढेच ठेवा. हा नमुना पंचवीस एकरांच्या चौकटीतून एका ठिकाणचा आहे. तुमचे रान हलके, मुरमाड असेल तर खत घेण्याआधी आमच्याशी बोला."

डीएपीची पर्यायी ओळ मुद्दाम घातली आहे. पेरणीच्या दिवसांत ते हमखास मिळेल याची खात्री नसते, आणि कागदावर फक्त डीएपीच असेल तर त्या क्षणी निर्णय दुकानदाराकडे जातो. सुपर फॉस्फेटमध्ये १६ टक्के स्फुरद धरून १५० किलो, म्हणजे ५० किलोंच्या तीन बॅगा होतात. त्यातून गंधकही मिळते, जे सोयाबीनला लागतेच. बारा घटकांचा तक्ता, प्रत्येकाचे एकक आणि स्फुरद-पालाश कोणत्या रूपात मोजले ही नोंद मागच्या बाजूला आहे. बॅगांची चित्रे न्यूराथ यांच्या नियमाने एकाशेजारी एक काढली आहेत. १५ किलो पोटॅशसाठी अर्धवट बॅग काढावी की नाही, हे ठरलेले नाही.

काळीमाती (परभणी)

आता माझी हरकत नाही. दोन दुरुस्त्या सुचवतो. नमुन्याची ओळ शेवटी आहे, ती खतांच्या आधी आणा. मोठ्याने वाचताना लोक शेवटचे वाक्य ऐकेपर्यंत थांबत नाहीत. आणि "पेरणीसोबत" याऐवजी बियाण्याखाली, बाजूला, बियाण्याशी संपर्क न येता असे स्पष्ट लिहा, कारण काही जण खत आणि बी एकाच नळीतून सोडतात व उगवण मार खाते.

अक्षरजुळारी (छत्रपती संभाजीनगर)

अर्धवट बॅग काढू नका, झेरॉक्समध्ये ती फाटलेली बॅग दिसेल. १५ किलोंसाठी बॅगेऐवजी तराजूचे चिन्ह आणि शेजारी आकडा घ्या, आणि ते आधी गुरुजींच्या पद्धतीने चार-पाच जणांना दाखवून विचारा की हे किती.